मधली पायरी : वंचितांचे विज्ञानशिक्षण आणि सरकारी अनुदान



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांना उगाच केलेली स्तुती रुचत नसे, असे त्यांच्या विद्यार्थ्यांकडून मी ऐकले आहे. तेव्हा त्यांच्या गुणवर्णनात वेळ न घालवता, ज्या प्रश्नाशी त्यांच्यासारख्या प्रत्येक शिक्षकाला आयुष्यभर झगडावे लागते, त्या प्रश्नाचा इतिहास आपणांपुढे मांडावा, असे मी योजिले आहे. प्रश्न साधा आहे. ज्या समाजांना शतकानुशतके विद्येच्या दारात उभे राहू दिले नाही, त्यांच्या मुलांना विज्ञान शिकविण्यासाठी सरकारने पैसा खर्च करावा, ही कल्पना आपल्याकडे केव्हा आली, ती कोणी आणली, आणि तो पैसा कोठवर पोहोचला?

इचोड्याच्या व्यासपीठावरून हा प्रश्न विचारण्यास विशेष कारण आहे. हे गाव नागपूर-हैदराबाद महामार्गावर वसलेले. बाजारच्या दिवशी येथे मराठी, तेलुगू, उर्दू, गोंडी आणि बंजारा अशा पाच बोली एकाच चहाच्या दुकानात ऐकू येतात. उत्तरेस पैनगंगेपलीकडे महाराष्ट्र, पूर्वेस उटनूरचा डोंगराळ गोंड मुलूख. १९५६ पर्यंत हा सारा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात आणि नंतरच्या हैदराबाद राज्यात होता. त्या वर्षी भाषावार प्रांतरचना झाली. जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे भाग मुंबई राज्याकडे गेले, बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला आणि २०१४ पासून तो तेलंगणात आहे. सरकारे बदलली, राजभाषा बदलल्या. त्या प्रत्येक बदलाचा भार शाळेत जाणाऱ्या मुलाच्या डोक्यावर पडला. म्हणून शिष्यवृत्तीचा इतिहास सांगताना मला भाषेचाही इतिहास सांगावा लागणार आहे.

१

आरंभ महात्मा फुल्यांपासून करणे योग्य होईल. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी एक रोखठोक हिशेब मांडला. सरकारचा महसूल बहुतांशी कष्टकरी रयतेच्या घामातून येतो, आणि तो खर्च होतो वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर. हा व्यवहार उलटा व्हावा आणि प्राथमिक शिक्षणाकडे अधिक पैसा वळावा, अशी त्यांची मागणी होती. खेड्यातील शाळेत काय शिकवावे, हेही त्यांनी सांगितले. मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे त्यांनी सुचविले होते. शेतकऱ्याच्या मुलाला सृष्टीचे ज्ञान त्याच्या कामाच्या अंगाने मिळावे, ही दृष्टी त्यात स्पष्ट दिसते. विज्ञान हा शब्द त्यांनी वापरला असो वा नसो, विज्ञानशिक्षणाची पहिली पायरी त्यांनी दाखवून ठेवली होती.

याच जोतीरावांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला, हे आपण जाणताच. त्या अमेरिकेकडे आपल्याला पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

२

दुसरा टप्पा आपल्याच संस्थानातला आहे. १९१७ साली निजामाने फर्मान काढले आणि १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. शिक्षणाचे माध्यम उर्दू. त्यासाठी एक स्वतंत्र भाषांतर विभाग काढून भौतिकी, रसायन, गणित, वैद्यक अशा विषयांचे ग्रंथ उर्दूत आणविले गेले आणि शेकडो पारिभाषिक शब्द नव्याने घडविले गेले. पदवीपर्यंतचे विज्ञान भारतीय भाषेत शिकविता येत नाही, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांना हे कृतीने दिलेले उत्तर होते. या कार्याचे श्रेय मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

परंतु याच यशाची दुसरी बाजूही आहे. संस्थानातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी होती. आदिलाबादच्या मराठी मुलाने गावच्या शाळेत चार इयत्ता मातृभाषेत शिकाव्यात आणि पुढे विज्ञानाच्या वर्गात बसण्यासाठी प्रथम उर्दूचा डोंगर चढावा, अशी स्थिती होती. गोंड मुलाला तर पहिल्या इयत्तेपासूनच परकी भाषा. पैसा सरकारचा, विद्यापीठ सरकारचे, माध्यमही देशी, तरी सर्वांत दुर्बळ विद्यार्थ्यासाठी वाट बंदच राहिली. देशी भाषा आणि विद्यार्थ्याची भाषा या दोन गोष्टी एक नव्हेत, हा उस्मानियाच्या इतिहासातला मोठा धडा आहे.

३

तिसरा टप्पा गोंड मुलखातला. १९४० साली जोडेघाटच्या परिसरात कुमरम भीम आणि त्याचे साथीदार निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. जमीन आणि जंगल हातचे जात असताना गोंडांनी केलेला तो उठाव होता. त्यानंतर निजाम सरकारला या मुलखाची दखल घेणे भाग पडले. ऑस्ट्रियात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ हे १९४१ पासून या भागात राहून गोंडांचा अभ्यास करीत होते. त्यांच्या प्रेरणेने १९४३ साली मार्लवाई या गावी गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. सारा खर्च सरकारचा.

त्या काळी शिकलेला गोंड सापडणे दुर्मीळ. कसेबसे मराठी अक्षरज्ञान मिळविलेल्या थोड्या तरुणांना हाताशी धरून काम सुरू करावे लागले. पहिली पाठ्यपुस्तके गोंडी भाषेत तयार झाली, आणि त्यांची लिपी होती देवनागरी. या भागात मराठीचा वावर होता म्हणून ती लिपी जवळची वाटली. म्हणजे आपल्या बालबोध अक्षरांनी गोंड मुलाला त्याचीच भाषा वाचावयास शिकविले. मराठी भाषकांना याचा अभिमान वाटावा, आणि हे आपण फारसे कोणाला सांगत नाही याची थोडी खंतही वाटावी. पुढे थोर इतिहासकार म्हणून ख्याती पावलेले सेतु माधवराव पगडी हे त्या काळी हैदराबादच्या सरकारी सेवेत होते. या जिल्ह्यात काम करताना ते गोंडी शिकले आणि त्या भाषेचे व्याकरणही त्यांनी लिहिले.

मार्लवाईच्या केंद्रात कोणी रसायनशास्त्र शिकविले नाही. तेथे शिक्षक घडले, आणि गावपातळीवरची सरकारी कामे करू शकणारे तरुणही घडले. ज्याला कागद वाचता येत नाही त्याची जमीन कागदावरच नाहीशी होते, हे गोंडांनी भोगून जाणले होते. म्हणून अक्षरज्ञान ही तेथे शोभेची वस्तू नव्हती. परंतु या पहिल्या पायरीवर दुसरी पायरी चढविण्यास अवधी मिळाला नाही. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली राज्याची पुनर्रचना झाली, आणि गोंडी माध्यमाचा प्रयोग मागे पडला. हैमेनडॉर्फ यांच्या पत्नी बेट्टी यांची समाधी मार्लवाईत आहे. त्या गावाला भेट देणाऱ्या शिक्षकाने तेथे क्षणभर उभे राहून विचार करावा : या मुलांपैकी एखादा प्रयोगशाळेपर्यंत पोहोचावा, यासाठी मध्ये आणखी किती पायऱ्या लागणार होत्या?

४

मार्लवाईत पायाचे दगड बसविले जात होते, त्याच सुमारास दिल्लीत शिडीच्या वरच्या टोकाचा विचार चालला होता. १९४२ च्या जुलैमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्य वर्गाच्या गाऱ्हाण्यांविषयी एक निवेदन सादर केले. त्यातील शिक्षणविषयक भाग आजही प्रत्येक शिक्षकाने वाचावा असा आहे.

बाबासाहेबांचे म्हणणे असे की, कला आणि कायदा यांचे शिक्षण या वर्गाच्या फारसे उपयोगी पडणार नाही. त्यांना खऱ्या अर्थाने वर आणील ते विज्ञान आणि तंत्रविद्येचे उच्च शिक्षण. परंतु ते महाग, आणि गरीब पालकांच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून भारतातील विद्यापीठांत व तांत्रिक संस्थांत विज्ञान आणि तंत्रज्ञान शिकणाऱ्यांसाठी दर वर्षी २ लाख रुपयांच्या शिष्यवृत्त्या आणि परदेशी शिक्षणासाठी १ लाख रुपये सरकारने द्यावेत, अशी त्यांनी मागणी केली. सरकार बनारस हिंदू विद्यापीठाला आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठाला अनुदान देते, तर ज्यांचे स्वतःचे विद्यापीठ नाही त्यांच्या विद्यार्थ्यांना का देऊ नये, हा त्यांचा युक्तिवाद होता. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत या वर्गातील तरुणांना उमेदवार म्हणून घ्यावे, असेही त्यांनी सुचविले होते. पदवी आणि हातातील कसब या दोहोंचा विचार एकाच निवेदनात आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

या प्रयत्नांना फळ आले. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४८-४९ पासून ती अनुसूचित जमातींनाही लागू झाली. आज देशभर ज्या शिष्यवृत्तीवर लक्षावधी मुले महाविद्यालयात जातात, तिचा उगम येथे आहे.

पण नुसत्या शिष्यवृत्तीने भागत नाही, हेही बाबासाहेबांनी ओळखले होते. खिशात पैसे असले तरी राहावयास जागा आणि मानाने बसता येईल असा वर्ग हवा. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, आणि १९५० साली औरंगाबाद येथे, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच हैदराबाद राज्यात, जे महाविद्यालय सुरू झाले तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. त्याच्या इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसविली गेली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्या काळात मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतील मुले वळकटी घेऊन तेथे आली. वसतिगृह होते, ग्रंथालय होते, आणि विज्ञानाचे वर्गही होते. वंचितांसाठी काढलेल्या, तरीही सर्वांना खुल्या असलेल्या महाविद्यालयाचा तो नमुना होता.

येथे एका कटू गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही. १९५६ साली बाबासाहेबांबरोबर ज्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला, त्यांना केंद्र सरकारच्या अनुसूचित जातींच्या सवलती नाकारल्या गेल्या. महाराष्ट्र सरकारने आपल्या अखत्यारीतील सवलती चालू ठेवल्या, पण केंद्रातील हक्क परत मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे म्हणजे विद्यार्थ्यांच्या किती पिढ्या, याचा हिशेब प्रत्येकाने मनाशी करावा. सरकारी अनुदान हे असे असते. ते कायद्यातील एका शब्दाने मिळते आणि एका शब्दाने अडते.

५

हा अनुभव केवळ आपला नाही. अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्यान्वये संघराज्याच्या जमिनी देऊन शेती व यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये निघाली. दक्षिणेतील राज्ये त्यांत कृष्णवर्णीयांना प्रवेश देईनात, तेव्हा १८९० साली दुसरा कायदा झाला : प्रवेश द्या, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळे महाविद्यालय काढा. राज्यांनी वेगळी महाविद्यालये काढली. त्यांतून असंख्य शिक्षक, कृषितज्ज्ञ आणि अभियंते बाहेर पडले. परंतु पैसा वाटताना हात आखडताच राहिला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये तेथील केंद्रीय शिक्षणमंत्री आणि कृषिमंत्री यांनी सोळा राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे लिहून कळविले की, मागील सुमारे तीन दशकांत या महाविद्यालयांना १२ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम कमी मिळाली आहे. कायदा होऊन एकशे तेहतीस वर्षे लोटल्यावरची ही गोष्ट. जोतीरावांनी ज्यांना ग्रंथ अर्पण केला, त्यांच्या वारसांनाही हिशेब पुरता करावयाचा राहिला आहे.

६

आता या कथेतील पोकळी आपल्या ध्यानात आली असेल. खाली मार्लवाईची पहिली पायरी, वर मिलिंदची आणि मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची पायरी. मध्ये काय? मध्ये माध्यमिक शाळा. आणि विज्ञानाशी मुलाची गाठ पडते किंवा कायमची तुटते, ती याच इयत्तांत.

स्वतंत्र भारताने विज्ञानातील हुशार मुले हेरण्यासाठी १९६३ साली राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध योजना काढली. पहिल्या वर्षी ती दिल्लीपुरती होती, शिष्यवृत्त्या दहा. १९६४ साली ती देशभर झाली, शिष्यवृत्त्या साडेतीनशे. मात्र संविधानाने मान्य केलेल्या कोणत्याही भाषेत उत्तरे लिहिण्याची मुभा मिळाली ती १९७६ साली. प्रज्ञा शोधण्याची योजना निघाली, पण मराठीत किंवा तेलुगूत विचार करणाऱ्या मुलाची प्रज्ञा तिला दिसू लागण्यास तेरा वर्षे लागली.

या मधल्या पायरीवर खरे मूलगामी काम मुंबईत झाले. भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाच्या अनुदानावर चालणाऱ्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. डॉ. वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली या केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसराच्या ग्रामीण शाळांत काम केले, आणि पुढे मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलांना हाताशी धरून माध्यमिक इयत्तांत त्यांची जोपासना केली. या साऱ्या अनुभवातून कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी एका निष्कर्षावर आले. मुलांना अडविते ते विज्ञान नव्हे, तर पाठ्यपुस्तकाची भाषा अडविते. तोच मजकूर सोप्या, मुलाच्या ओळखीच्या भाषेत लिहिला की समज वाढते आणि गुणही वाढतात. ज्यांना आपण मंद म्हणत होतो ती मुले मंद नव्हती. त्यांच्या घरी ती पुस्तकी भाषा बोलली जात नव्हती, एवढेच.

आपल्या गावचे उदाहरण घेऊ. पाण्याच्या बादलीत तिरपी धरलेली काठी मोडल्यासारखी दिसते, हे येथील प्रत्येक मुलाने विहिरीवर पाहिलेले असते. आता शाळेत या गोष्टीला मराठी पुस्तक ‘अपवर्तन’ म्हणते, तेलुगू पुस्तक ‘वक्रीभवनम्’ म्हणते, उर्दू पुस्तक ‘इनइताफ’ म्हणते, आणि बारावीच्या वर्गात गेल्यावर ते ‘रिफ्रॅक्शन’ होते. चार शब्द, काठी एकच. ज्या मुलाने काठी पाहिली आहे त्याला हे चारही शब्द शिकविता येतात. ज्याने शब्दच पाठ केला, त्याला पुढच्या इयत्तेत भाषा बदलताच विषयही परका होतो. म्हणून प्रयोगशाळा ही श्रीमंत शाळांची चैन नव्हे. बहुभाषिक मुलखात तर ती सर्वांची समाईक भाषा आहे.

७

अलीकडच्या काळात मधली पायरी बांधण्याचे काही प्रयत्न झाले. २००८ साली आपल्या जुन्या जिल्ह्यात बासर येथे राजीव गांधी ज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाची संस्था उभी राहिली. दहावीनंतर ग्रामीण मुलांना थेट प्रवेश, दोन वर्षे पूर्वतयारी आणि मग चार वर्षे अभियांत्रिकी, अशी तिची रचना. विद्यापीठाने स्वतःच एक पायरी खाली उतरून मुलाचा हात धरला, हे तिचे वैशिष्ट्य. आदिवासी मुलांसाठी निवासी शाळा निघाल्या. अल्पसंख्याकांसाठीही तेलंगणात २०१६ पासून निवासी शाळा सुरू झाल्या.

त्याच वेळी दुसरीकडून काही दगड काढलेही गेले. न्या. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानंतर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी केंद्राने शिष्यवृत्त्यांची साखळी उभी केली होती. २०२२ साली त्यांपैकी शालेय शिष्यवृत्ती नववी-दहावीपुरती मर्यादित करण्यात आली आणि संशोधकांसाठीची मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती बंद झाली. एक तळाची पायरी, एक माथ्याची. शिक्षणाच्या हक्कामुळे खालच्या इयत्ता आता मोफत आहेत, आणि इतर अधिछात्रवृत्त्या आहेतच, असे त्याचे समर्थन करण्यात आले. समर्थन कागदावर पटण्यासारखे आहे. पण ज्या घरात आठवीतल्या मुलीला शाळेतून काढून कापूस वेचण्यास नेतात, तेथे थोड्याशा रकमेनेही तिची पाटी टिकत असते, हे येथे बसलेल्या शिक्षकांना मी सांगावयास नको.

८

या साऱ्या इतिहासातून मला एकच गोष्ट आपणांपुढे ठेवावयाची आहे. सरकारी पैसा आवश्यक आहे, तो हक्काने मागितला पाहिजे आणि थांबला तर जाब विचारला पाहिजे. फुले आणि आंबेडकर यांनी तेच केले. परंतु शिडीला वरची आणि खालची पायरी असली, तरी मधली नसेल तर मूल चढू शकत नाही. ही मधली पायरी दिल्लीत किंवा हैदराबादेत बांधली जात नाही. ती आठवी, नववी, दहावीच्या वर्गात, अशाच एखाद्या शाळेत, मुलाची भाषा जाणणारा शिक्षक बांधतो.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. आपल्यापैकी जे अभियंते, डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळा-सहायक, कृषी अधिकारी झाले, त्यांनी वर्षातून दोन दिवस या शाळेला द्यावेत. भाषणे देण्यासाठी नव्हे, तर नववीच्या मुलांबरोबर बादलीत काठी बुडविण्यासाठी. शाळेने मराठी, तेलुगू, उर्दू, गोंडी आणि इंग्रजी अशा पाच भाषांतील विज्ञानाच्या शब्दांची एक वही मुलांकडूनच तयार करवून घ्यावी. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या दिवसांत कोणीतरी जाणता माणूस शाळेच्या ओट्यावर बसलेला असावा. यांपैकी कशासही सरकारी मंजुरी लागत नाही.

मार्लवाईच्या त्या पहिल्या गोंड शिक्षकांजवळ पदवी नव्हती, प्रयोगशाळा नव्हती. थोडी बालबोध अक्षरे होती, आणि ती त्यांनी दुसऱ्यास दिली. आपल्याजवळ त्याहून कितीतरी अधिक आहे. ज्या गुरुजींच्या नावाने आज आपण एकत्र आलो, त्यांचे स्मरण याहून चांगल्या रीतीने करता येईल, असे मला वाटत नाही.